आडातले पाणी आणि पोहऱ्यातले पाणी

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे स्थानक आहे. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा सीमेची रेषा या स्थानकाच्या मधूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्थानकप्रमुखांचे कार्यालय गुजरातमध्ये. फलाटावरचा एक बाकही असाच विभागलेला आहे. त्याच्या एका टोकाला बसलेला प्रवासी नंदुरबार जिल्ह्यात असतो, दुसऱ्या टोकाचा तापी जिल्ह्यात. हवा एक, ऊन एक, समोरून जाणारी गाडीही एकच. तरीही बाकावर हातभर सरकले की कायदा बदलतो. एका बाजूला दारूबंदी आहे, दुसऱ्या बाजूला परवान्याने दारू विकली जाते. शाळेची पुस्तके वेगळी, शिधावाटपाचे खाते वेगळे, आजारपणात मदतीला येणाऱ्या सरकारी योजना वेगळ्या.

वाचकहो, या सदरातून आपण बहुधा शरीराविषयी बोलतो. काय खावे, किती झोपावे, रक्तदाब केव्हा तपासावा, मुलांच्या लसी कशा चुकवू नयेत, हे आपले नेहमीचे विषय. या पंधरवड्यात मात्र शरीराबाहेरच्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. आपण किती वर्षे जगू, आपली मुले किती उंच होतील, घरातील बाळंतीण सुखरूप परत येईल की नाही, यांतील बरेचसे काही आपल्या ताटात व अंथरुणात नव्हे, तर विधिमंडळात, जिल्हा नियोजन समितीत आणि कधी कधी सातासमुद्रापलीकडील एखाद्या बँकेच्या कार्यालयात ठरत असते. आपण त्याला सहजपणे नशीब म्हणतो. पुष्कळदा ते नशीब नसते. तो कोणीतरी घेतलेला, किंवा घ्यायचा राहून गेलेला, निर्णय असतो.

मोजायचे काय?

एखादा देश सुखी आहे की नाही हे पूर्वी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरवीत. ही मोजणी अपुरी आहे, असे म्हणणाऱ्यांत मॉरिस डेव्हिड मॉरिस हे अमेरिकन अभ्यासक होते. मराठी वाचकांना त्यांची ओळख वेगळ्या कारणाने असण्याचा संभव आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारवर्ग कसा घडला, यावरील त्यांचा ग्रंथ 1965 मध्ये प्रसिद्ध झाला होता. याच मॉरिस यांनी 1979 मध्ये जीवनमानाचा एक साधा निर्देशांक मांडला. साक्षरता, बालमृत्यू आणि एक वर्ष वयाच्या मुलाचे अपेक्षित आयुर्मान, एवढ्या तीनच गोष्टी त्यांनी घेतल्या. पैशाला त्यात जागाच नव्हती. पैसा हे साधन आहे. त्यातून माणसाच्या हाती काय आले ते मोजा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुढे 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध केला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न अशा तीन पायांवर तो उभा आहे. आज देशांची तुलना होते ती बव्हंशी याच मापाने.

हेच माप महाराष्ट्र शासनाने आपल्या जिल्ह्यांना लावून पाहिले. 2012 च्या राज्य मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक 0.841 होता आणि नंदुरबारचा 0.604. राज्यात नंदुरबार शेवटच्या क्रमांकावर होते. राज्यांचे व देशांचे निर्देशांक काढण्याच्या पद्धती सारख्या नसतात, म्हणून हे आकडे थेट परदेशांच्या आकड्यांशेजारी मांडणे योग्य नाही. परंतु एकाच अहवालातील, एकाच पद्धतीने काढलेले हे दोन आकडे पाहिले तर एका राज्यात दोन निराळे देश नांदत असल्याचा भास होतो.

इतर आकडे हेच सांगतात. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे 82 टक्के होती, तर नंदुरबारची सुमारे 64. नीती आयोगाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या अहवालात नंदुरबारमधील 52 टक्के लोक गरीब ठरले. राज्याचे प्रमाण 15 टक्क्यांच्या आत होते. या अहवालात गरिबी मोजताना केवळ मिळकत पाहिलेली नाही. पोषण, शाळा, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाचे इंधन, घर, वीज अशा गोष्टी त्यात आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली.

आता आपल्या एका जुन्या म्हणीकडे येऊ. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ असे आपण म्हणतो. महाराष्ट्राच्या बाबतीत ही म्हण उलटी करून विचारावी लागते. सकल उत्पन्नाच्या दृष्टीने हे देशातील सर्वांत मोठे राज्य. आडात पाणी आहे. मग सातपुड्याच्या पोहऱ्यात ते का येत नाही?

दोर लांब करणारे देश

हा प्रश्न केवळ आपला नाही. जगातील अनेक देशांनी तो वेगवेगळ्या रीतींनी सोडविला, काहींनी मुळीच नाही. श्रीमंत देशातील माणसे अधिक जगतात हे ढोबळमानाने खरे आहे. पण या नियमाला इतके मोठे अपवाद आहेत, की ते अपवादच अधिक शिकवून जातात.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा लहानसा देश. 1948 मध्ये तेथे सैन्य विसर्जित करण्यात आले. शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक विमा यांवर त्या देशाने सातत्याने खर्च केला. 1990 च्या दशकात तेथे लोकवस्तीनुसार लहान आरोग्य पथके नेमली गेली. डॉक्टर, परिचारिका आणि घरोघर जाणारा कार्यकर्ता यांच्या एका पथकाकडे साधारण चार हजार लोकांची जबाबदारी. आज त्या देशाचे आयुर्मान ऐंशीच्या आसपास आहे. अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी सुमारे 17 टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, दरडोई उत्पन्नात ती कोस्टा रिकाच्या कितीतरी पुढे आहे. तरी 2023 मध्ये तेथील आयुर्मान अठ्ठ्याहत्तरच्या आसपासच होते. आड तुडुंब असूनही पोहरा सर्वांना सारखा मिळत नाही, तेव्हा असे होते.

थायलंडचे उदाहरण नंदुरबारच्या अधिक जवळचे आहे. तेथेही डॉक्टर राजधानीत गर्दी करीत आणि डोंगराळ भाग रिकामे राहात. 1972 पासून तरुण डॉक्टरांना ग्रामीण सेवा अनिवार्य झाली. 1980 च्या दशकात तेथील सरकारने एक कठोर निर्णय घेतला. शहरांतील मोठ्या रुग्णालयांवरील नवी गुंतवणूक काही वर्षे रोखून तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांकडे आणि गावांच्या आरोग्य केंद्रांकडे वळविला. मग 2002 मध्ये केवळ 30 बाथ देऊन उपचार घेता येतील अशी सर्वांसाठीची योजना आली. या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी दवाखाना आणि डॉक्टर, नंतर योजनेचे कार्ड. कार्ड आधी आले आणि दवाखाना चाळीस किलोमीटरवर राहिला, तर ते कार्ड पेटीतच राहते.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या श्रीलंकेचे. 1940 च्या दशकात त्या देशाने मोफत शिक्षण, मोफत उपचार, तांदळाचा शिधा आणि हिवतापाविरुद्धची मोहीम एकाच काळात उभी केली. 1960 च्या सुमारास श्रीलंकेचे आयुर्मान भारतापेक्षा दहा वर्षांहून अधिक होते, आणि तेव्हा तो देश काही श्रीमंत नव्हता. पण 2022 मध्ये परकीय चलन संपले, कर्जाचे हप्ते थकले आणि त्याच देशातील रुग्णालयांत औषधांचा तुटवडा पडला. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जीवनमान एकदा मिळविले की कायमचे आपले झाले, असे नाही. ते दरवर्षी नव्याने मिळवावे लागते.

हे किती वेगाने निसटू शकते, ते सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर दिसले. रशियातील पुरुषांचे आयुर्मान 1990 मध्ये चौसष्टच्या आसपास होते, ते 1994 मध्ये अठ्ठावन्नच्याही खाली आले. साथ नव्हती, देशव्यापी युद्ध नव्हते. नोकऱ्या गेल्या, बचतीचे मोल उरले नाही, दारू वाढली, रुग्णालयांची घडी विस्कटली. चार वर्षांत सहा वर्षांचे आयुष्य गेले.

याच्या उलट इंग्लंडमध्ये घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे अन्न कमी होते. म्हणूनच 1940 पासून शिधावाटप सुरू झाले. श्रीमंताला आणि मजुराला सारखेच लोणी, सारखीच साखर. लहान मुलांना व गर्भवतींना दूध आधी. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे, की बॉम्बहल्ल्यांच्या त्या दशकात इंग्लंड-वेल्समधील सामान्य नागरिकाचे आयुर्मान सहा वर्षांहून अधिक वाढले. टंचाईतही वाटप न्याय्य झाले, की शरीरे सुधारतात. आपल्या गावच्या स्वस्त धान्य दुकानाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा हक्क ठरविला आहे. त्याला दान समजण्याचे कारण नाही.

नर्मदाकाठचा निर्णय

दूरचा निर्णय घराच्या उंबऱ्यापर्यंत कसा येतो, हे पाहायचे असेल तर अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांचा उत्तरेकडील काठ पाहावा. सरदार सरोवर धरणाची पायाभरणी 1961 मध्ये झाली. नर्मदा जलतंटा लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला. त्यात विजेपैकी 27 टक्के वाटा महाराष्ट्राला मिळाला आणि बुडिताखाली महाराष्ट्रातील गावेही येणार हे ठरले. 1985 मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले. 1992 मध्ये मोर्स समितीने विस्थापन आणि पर्यावरण यांबाबतच्या त्रुटींवर कठोर ताशेरे ओढले आणि पुढच्या वर्षी उरलेले कर्ज घेणे भारत सरकारने थांबविले. काम मात्र चालूच राहिले. 2017 मध्ये धरणाचे लोकार्पण झाले.

धरणाने कच्छ-सौराष्ट्रातील तहानेल्या गावांना पाणी दिले, हे खरे आहे. त्या पाण्याने तेथील कुटुंबांचे आरोग्य सुधारले असेल, तर त्याचा आनंदच मानावा. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहावी लागते. मणिबेली आणि तिच्या आसपासच्या गावांतील जमिनी पाण्याखाली गेल्या. काही कुटुंबे तळोदा, शहादा तालुक्यांतील वसाहतींत आली. डोंगरातील नदी, मासे, मोह आणि रानभाज्या यांवर पोसलेल्या माणसांना सपाटीवरची शेती नव्याने शिकावी लागली. जी मागे राहिली त्यांची वाट पाण्याने तोडली. पूर्वी चालत जाता येत असे त्या पाड्यावर आता होडीने जावे लागते. म्हणूनच या काठासाठी तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकात सुरू केलेल्या जीवनशाळा याच डोंगरांत मुलांना शिकवू लागल्या.

2020 च्या टाळेबंदीत या काठावरील एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवीत पाड्यापाड्यांवर पोषण आहार नेत होती, बालकांची वजने घेत होती. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले, ते यथायोग्यच होते. परंतु कौतुक करताना एक प्रश्नही मनात यायला हवा. एका माणसाच्या दंडातील बळावर ज्या व्यवस्थेचा शेवटचा टप्पा उभा आहे, ती व्यवस्था पुरी झाली असे म्हणता येईल काय? अक्राणीच्या कित्येक पाड्यांवरून आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. बाळंतिणीला रक्तस्राव होऊ लागला, की पहिले दोन तास मोलाचे असतात. ते डोंगर उतरण्यातच जातात. तेथे रस्ता हेच औषध असते.

पगारपत्रकातील दोनशे रुपये

मुंबई-पुण्यातील वाचकाला वाटेल, की या सगळ्याशी माझा काय संबंध? आपण नोकरदार असाल तर आपले पगारपत्रक काढून पाहा. त्यात ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा दोनशे रुपये वजा झालेले बहुधा दिसतील. वर्षाला अडीच हजार. हा कर महाराष्ट्राने 1975 मध्ये बसविला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास ही योजना आकाराला आली; पुढे तिला कायद्याचे बळ मिळाले आणि 2005 मध्ये देशभराच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचा आधार झाला. शहरातील कारकुनाने आपल्या पगारातून डोंगरातील मजुराच्या कामाची हमी द्यावी, ही व्यवस्था महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी केली.

त्याच काळात शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी व न्याय्य मजुरीसाठी संघटित होत होते. मजुरी आणि आरोग्य हे दोन विषय आपण वेगळ्या पानांवर छापतो. मजुराच्या घरात ते एकाच चुलीवर शिजतात. गावात हाताला काम नसले, की दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मूल फडाच्या कडेला. गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे नाव असते, पण ताटात त्याचा आहार नसतो. गर्भवती स्त्रीची तपासणी चुकते, लसीची तारीख उलटते. सहा महिन्यांनी कुटुंब परत येते तेव्हा मुलाचे वजन घटलेले असते आणि अहवालात त्याची नोंद ‘कुपोषित’ अशी होते. वास्तविक ती नोंद ‘गावात काम मिळाले नाही’ अशीही करता आली असती.

यावर उपाय नाहीत असे नाही. 2015 मध्ये महाराष्ट्राने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक चौरस गरम जेवण मिळावे आणि बालकांना अंडी वा केळी मिळावीत, असा तिचा हेतू आहे. शिधापत्रिका आता दुसऱ्या राज्यातही चालते. हे सर्व निर्णय योग्य आहेत. ते शेवटच्या पाड्यापर्यंत, वेळेवर, वर्षाचे बारा महिने पोहोचतात की नाही, यावर त्यांचे मोल ठरते.

रक्तातला आजारही या नियमाला अपवाद नाही. सातपुड्याच्या आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. आई व वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आजार जन्मतः मिळतो. पण त्याचे निदान बालपणी होते की विसाव्या वर्षी, वेदनेच्या वेळी औषध जवळ मिळते की नाही, लग्नाआधी तपासणी व सल्ला मिळतो की नाही, हे सार्वजनिक धोरण ठरविते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे.

तळाच्या जिल्ह्याने घेतलेला वेळेवरचा निर्णय

नंदुरबारची कहाणी केवळ उणिवांची नाही. 2020 मध्ये कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना देशातील पुष्कळ ठिकाणी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी त्याच काळात जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचा पहिला प्रकल्प उभारून घेतला आणि पुढील काही महिन्यांत आणखी प्रकल्पांची भर घातली. एप्रिल 2021 मध्ये दिल्लीसारख्या महानगरातील रुग्णालये प्राणवायूसाठी टाहो फोडीत होती, तेव्हा राज्यात तळाला असलेल्या या जिल्ह्याकडे स्वतःचा प्राणवायू होता.

या घटनेत दोन धडे आहेत. पहिला असा, की गरीब जिल्हा असहाय असतोच असे नाही. वेळेवर घेतलेला एक निर्णय राजधानीलाही मागे टाकू शकतो. दुसरा असा, की चांगला अधिकारी येतो आणि बदलीने जातो. त्याची दूरदृष्टी नियमांत, अंदाजपत्रकात आणि लोकांच्या सवयीत उतरली, तरच ती टिकते. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे शिकलेले डॉक्टर धडगाव-मोलगीच्या आरोग्य केंद्रांत किती काळ थांबतील, हाच खरा प्रश्न आहे. थायलंडने पन्नास वर्षांपूर्वी सोडवायला घेतलेला.

देशाच्या अंदाजपत्रकाकडेही एक नजर टाकू. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा असे म्हटले होते. 2021-22 मध्ये तो सुमारे 1.84 टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे 39 टक्के भार कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून उचलला. पूर्वी हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होते, म्हणजे सुधारणा झाली आहे. तरीही एका आजारपणात बैलजोडी किंवा दागिना विकला जातो, तो या उरलेल्या भागापायी.

आपल्या हाती काय आहे?

एवढे वाचून कोणी म्हणेल, की सर्व काही सरकारवरच अवलंबून असेल तर चालणे-फिरणे, पथ्यपाणी कशाला? तसे समजू नये. तंबाखू सोडणे, मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत केवळ आईचे दूध देणे, हात धुणे, वेळेवर तपासणी, यांना पर्याय नाही. परंतु हात धुण्याला आधी पाणी लागते. म्हणून आपल्या कुटुंबाच्या आरोग्याच्या वहीत, वजन आणि रक्तदाबाच्या नोंदींशेजारी, पुढील काही नोंदीही असाव्यात.

पहिली नोंद अंतराची. आपले उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, तेथे जायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, प्रसूतीची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी 108 आणि गर्भवती व नवजात बालकांसाठी 102 हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. घरात गर्भवती असेल आणि वाट अवघड असेल, तर नवव्या महिन्याच्या आरंभीच रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे राहायला जाण्याची तजवीज करावी.

दुसरी नोंद मुलांच्या वाढीची. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत पट्टीने मोजतात. तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजून बालकाला त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. साडेअकरा ते साडेबारा यांच्या दरम्यान असेल तर सावध व्हावे. कामासाठी परगावी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि शिधापत्रिका बरोबर न्यावी, म्हणजे लस आणि धान्य तेथेही मागता येते.

तिसरी नोंद हक्कांची. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणती रुग्णालये येतात, हे आजार येण्याआधीच विचारून ठेवावे.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित नोंद सभेची. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला दरवर्षी थोडासा अबंधित निधी मिळतो. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. नंदुरबारचे चार तालुके पूर्णपणे आणि उरलेले दोन अंशतः या क्षेत्रात येतात. 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट या क्षेत्रातील ग्रामपंचायतींकडे येऊ लागली. ती पाण्यावर खर्च झाली की प्रवेशद्वाराच्या कमानीवर, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढ ग्रामस्थाला आहे. शहरातील वाचकांनीही आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात दवाखान्यांसाठी किती तरतूद आहे, प्रभागातील आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी आहे का, हे विचारावे. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, त्याचा पक्ष कोणताही असो, रस्ता, पाणी, शाळा व डॉक्टर यांविषयी एक नेमका प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर तारखेसह लिहून घ्यावे.

‘गाव करी ते राव न करी’ असे आपले पूर्वज म्हणत. कोस्टा रिका असो, थायलंड असो की आपले नंदुरबार, आडातले पाणी पोहऱ्यात आले ते कोणीतरी दोर धरून ओढला म्हणून. पुढील पंधरवड्यात आपल्या गावाची किंवा प्रभागाची जी सभा असेल, तिची तारीख आजच विचारून घ्या आणि घरातील किमान एका माणसाने तिला जावे असे ठरवा. औषधाच्या वेळेइतकीच ती तारीखही पाळण्याजोगी आहे.